एक बरं की दोन

खुर्चीत बसल्यावर त्याला आरशात अक्षरांच्या आधी माणूस दिसला. खोली अरुंद आणि आखूड, म्हणून उलट्या छापाच्या अक्षरांचा तक्ता त्याच्या डोक्यामागच्या भिंतीवर टांगलेला आणि समोरच्या आरशात तो सुलटा दिसायचा. दुकानातलं एक गिऱ्हाईक, चष्म्याची तुटलेली काडी हातात घेऊन, 'अजून किती वेळ' हे विचारायला आत आलं होतं आणि खुर्चीच्या पाठीशीच उभं राहिलं होतं. डोळे तपासणाऱ्या गृहस्थांनी त्याच्या नाकावर लोखंडी चौकट चढवली, तिच्यात एक भिंग सरकवलं आणि म्हणाले, आता तुम्हाला साधारण तुमच्या आईंना तपासणीच्या वेळी भिंगांतून दिसत होतं तसं दिसेल, जवळचं बरं, लांबचं पुसट. तसंच झालं. तक्त्याच्या खालच्या ओळींच्या मुंग्या झाल्या, मधल्या ओळी विरघळल्या, वरचं एकच मोठं अक्षर कसंबसं अक्षर राहिलं. पण पाठीमागचा माणूस तक्त्यापेक्षा पुष्कळ जवळ होता. त्याचं कपाळ दिसत होतं. कपाळावर मधोमध ताटकळल्याची एक उभी आठी होती. "एक बरं," गृहस्थांनी हातातलं भिंग पालटलं, "की दोन?" त्याला दोहोंत काडीचा फरक दिसला नाही. भिंग पुन्हा पालटलं गेलं. दुसऱ्या वेळी मागच्या माणसाच्या कपाळावरची आठी सैल झाली, त्याला बहुधा दुसरंच काही आठवलं असेल. "दोन," तो म्हणाला. म्हटलं आणि त्याच क्षणी त्याचे कान तापले.

खरं तर तो भांडायला आला होता. खिशात दोन कागद होते, आईच्या चष्म्याच्या नंबरचे. एक याच दुकानातला, त्यानं स्वतः सोबत येऊन करून घेतलेल्या तपासणीचा. दुसरा कालपरवाचा, बायकोनं त्याला न सांगता आईला दुसरीकडे नेलं होतं तिथला. दोन कागदांवरचे आकडे एकमेकांशी बोलायला तयार नव्हते. लांबचा नंबर एका डोळ्याला चांगला एकने जास्त, आणि सिलिंडरच्या, म्हणजे डोळ्याच्या बाकाच्या, नंबरचा कोन तर एकीकडे उभा, दुसरीकडे आडवा. चुकीचं काम त्याला खपत नसे. रंगाच्या कारखान्यात तो छटा जुळवायचा. नव्या लॉटमधला रंग नमुन्याच्या रंगाशी जुळतो की नाही, हे शेवटी त्याच्या नजरेवर ठरायचं, आणि कारखान्यात त्याला मागून सगळे 'डोळेसाहेब' म्हणायचे. हे त्याला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. असा माणूस आईच्या नाकावर चुकीच्या नंबरचा चष्मा खपवून घेईल होय? बायको म्हणाली होती, जाऊ दे ना, आता त्यांना नीट दिसतंय ना. पण जाऊ देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. दोन्ही कागद गल्ल्याशेजारी आपटून त्यानं विचारलं होतं की यातला खरा कुठला. गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही कागद शांतपणे वाचले. ते म्हणाले, थोडा फरक दोन तपासण्यांत येतोच. डोळा दमलेला असतो, साखर वरखाली असते, कुणी सकाळी तपासतो, कुणी संध्याकाळी. पाव-अर्ध्याचं मी मनावर घेत नाही. कधी एकच नंबर दोघंजण दोन तऱ्हांनी लिहितात, तेव्हा आकडे वेगळे दिसतात आणि चष्मा तोच असतो. पण हा फरक त्यातला नाही. मग त्यांनी संगणकात आईच्या तपासणीची नोंद शोधली. मशीननं त्या दिवशी जो अंदाज दिला होता तो दुसऱ्या कागदाच्या जवळचा होता. पण मशीनचा फक्त अंदाज असतो, म्हणाले, पुढचं सगळं बसलेल्या माणसाच्या उत्तरांवर. "मग तिनं उत्तरं चुकीची दिली म्हणता?" त्यानं विचारलं होतं, आणि त्या विचारण्यात आईबद्दलचाच एक ओळखीचा वैताग होता. गृहस्थ म्हणाले, "या, बसा जरा आत. सांगण्यापेक्षा दाखवतो."

आता चौकट नाकावर जड झाली होती. मागचं गिऱ्हाईक निघून गेलं होतं, तरी तो आरशातल्या त्याच जागेकडे बघत होता. आईच्या तपासणीच्या दिवशी तिथे तो स्वतः उभा होता. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, अगदी काळजीवाहू मुलासारखा. गृहस्थ विचारत होते, एक बरं की दोन, आणि आई म्हणत होती, "दोन्ही बरी आहेत." तो हसला होता. आईचं हे नेहमीचंच. निळी घेऊ की करडी, दोन्ही बरी. आज जाऊ या की उद्या, कधीही चालेल. गृहस्थांनी पुन्हा विचारलं, आई पुन्हा म्हणाली, "दोन्ही सारखीच हो." तेव्हा तो हसला नव्हता. त्याला कारखान्यात परतायचं होतं. "अगं आई, नीट बघून एक काहीतरी सांग ना. ते खोळंबलेत." आवाज चढवला नव्हता. आवाज तो कधीच चढवत नसे. त्यानंतर मात्र आई सुधारली. एक, दोन, दोन, एक, अशी पटापट उत्तरं द्यायला लागली, आणि प्रत्येक उत्तराआधी आरशात नीट निरखून बघायला लागली. तो खूश झाला होता. घरी येऊन बायकोला म्हणाला होता की मनावर घेतलं की आई सगळं करते, आपणच तिचे लाड करतो. हे वाक्य त्याला आता शब्दन् शब्द ऐकू आलं, आणि त्यानं चौकट काढून हातात धरली. गृहस्थ दिवा लावत म्हणाले, "मी तुम्हाला बाहेर बसवायला हवं होतं. ते माझ्याकडून राहिलं." का राहिलं, हे त्यानं विचारायला नको होतं. त्यानं विचारलं. गृहस्थ भिंगं डब्यात लावत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही जरा घाईत दिसलात."

तो दुकानाबाहेर पडला तेव्हा दुपार होती आणि रस्त्यावर सगळं लख्ख दिसत होतं. दुकानांच्या पाट्या, बसच्या काचेवर चिकटवलेला कागद, समोरच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या उशीच्या अभ्र्याची उसवलेली कड. एवढं स्वच्छ दिसत असल्याची त्याला शरम वाटली. आईनं चुकीच्या चष्म्याचे ते महिने कसे काढले? जिन्यावरून ती आडवी होऊन उतरायची, भिंतीला तळवा घासत. त्यानं विचारलं तर म्हणायची, गुडघा. डोकं दुखायचं, तर म्हणायची, झोप झाली नाही. आणि काजं करणं तिनं सोडलं होतं. ती आयुष्यभर शिंप्यांची काजं करत आली होती. दुसऱ्या गावात तिचं स्वतःचं घर होतं, तिथल्या दोन-तीन दुकानांचे सदरे तिच्याकडे यायचे, आणि काज आईचं असलं की गिऱ्हाईक दोरा ओढून बघत नसे. इथे राहायला आली तेव्हाही ती पिशवीत दोरे घेऊन आली होती आणि शेजारपाजारच्यांची काजं हौसेनं करायची. या दुकानातला चष्मा आल्यावर तिनं एकदा सुई धरली, बराच वेळ धरली, आणि ठेवून दिली. आता नकोच वाटतं रे ते, म्हणाली. त्याला बरं वाटलं होतं. आता आराम करेल, असं त्याच्या मनात आलं होतं, आणि त्यानं तसं चार लोकांत सांगितलंही होतं. तिला चष्म्याबद्दल तो विचारायचा, "बरा आहे ना?" आणि ती म्हणायची, "छान आहे, सवय होईल." विचारताना आपला चेहरा कसा असायचा, हे तो आता आठवू बघत होता आणि ते काही केल्या आठवत नव्हतं. स्वतःचा चेहरा सोडून त्याला सगळ्यांचे चेहरे आठवत होते.

वडिलांचा तर फारच. वडील तापट होते. त्यांचा आवाज खालच्या गल्लीत जायचा. पण आवाजाच्या आधी कपाळ यायचं, आणि आई ते कपाळ दुरून वाचायची. वडील कोपऱ्यावरून वळताना दिसले की ती खिडकीतूनच ओळखायची आणि त्याला म्हणायची, आज पुस्तक घेऊन बस. कधी म्हणायची, आज खेळ. तिचा अंदाज कधी चुकायचा नाही. त्याला तेव्हा ती जादू वाटायची. मोठा झाल्यावर त्याला ती जादू वाटेनाशी झाली आणि त्यानं स्वतःला बजावलं की आपल्या घरात कुणावर आवाज चढवायचा नाही. ते त्यानं पाळलं. त्याचा त्याला अभिमान होता, बायकोपुढे तो ते बोलूनही दाखवायचा, आणि बायको त्यावर काही बोलत नसे. ती काही बोलत नसे, हेसुद्धा आज पहिल्यांदा त्याला खटकलं. आवाज नाही चढवला, पण कपाळ? त्यानं रस्त्यातच बोटानं चाचपून पाहिलं. भुवयांच्या मधोमध खाच होती, नखाची कड बसेल एवढी. ती एका दिवसात पडलेली नव्हती. बापावर गेलाय, असं लोक म्हणत तेव्हा ते नाकाबद्दल बोलतात असं तो समजत आला होता.

कारखान्यात नव्या लॉटचा रंग लावलेला पत्रा सुकून तयार होता. हाताखालची मुलगी, मुलगी कसली, चांगली शिकलेली बाई होती, नमुना आणि पत्रा शेजारी शेजारी ठेवून थांबली होती. त्यानं विचारलं, जुळतोय का? आणि मग त्यानं ते पाहिलं. तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, नंतर पत्र्याकडे. अगदी ओझरतं, तिला स्वतःलाही कळलं नसेल. "हो साहेब," ती म्हणाली. किती वर्षं ती हो साहेब म्हणत होती, आणि तो समजत होता की आपण तिला तयार केलं. त्यानं पत्रा उलटा करून ठेवला आणि म्हणाला, उद्या बघू. ती घाबरली. आपलं काय चुकलं, हे ती विचारायला लागली, आणि तिच्या त्या विचारण्यानं तो इतका कानकोंडा झाला की डोकं दुखतंय असं सांगून बाहेर पडला. आईचंच कारण त्यानं वापरलं, हे फाटकाशी आल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

पण घरी जाणं त्याला चष्म्यापायी जड जात नव्हतं. चष्म्याचं निस्तरलं होतं, नवा नंबर बायकोनं करून आणला होता. जड जात होतं ते परवापायी. परवा आईचं घर विकत घेणारा माणूस सह्या करायला येणार होता. दोन खोल्या, मागे दाराशी थोडी फरशी. वडिलांच्या मागे आई तिथे एकटीच राहायची, मग एकदा तापानं फणफणली आणि तो तिला इकडे घेऊन आला, तेव्हापासून ती इकडेच. घराचं काय करायचं, हे त्यानं तिला रीतसर विचारलं होतं. रीतसर! त्याला ते विचारणं आठवलं. "ते घर उगाच ठेवून पडझड होऊ द्यायची, की विकून मोकळं व्हायचं?" असं विचारलं होतं त्यानं, जेवताना, तिच्या अगदी समोर बसून. आई त्याच्याकडे बघत होती. मग म्हणाली होती, "विकून टाक." त्यानं बायकोकडे असं पाहिलं होतं की बघ, आई किती समजूतदार आहे. त्या घराच्या जोरावर मोठी जागा घ्यायची होती, मुलीला स्वतःची खोली होणार होती, बायकोचं कामाचं लांबचं येणं-जाणं वाचणार होतं. सगळं ठरलं होतं. आता पुन्हा विचारलं आणि ती वेगळं म्हणाली तर? चालता चालता त्याला असंही सुचलं की परवापर्यंत गप्प बसावं. एवढ्या वर्षांत कळलं नाही, दोन दिवसांनी कळलं असं समजावं. कुणाला पत्ता लागणार होता? हा विचार त्यानं झटकला नाही, चांगला दोन चौक सोबत बाळगला. आणि तेव्हा त्याला खरी लाज वाटली. दुकानात वाटली ती न कळल्याची होती. ही कळून वाटणारी होती. आई काय म्हणेल हे आपल्याला माहीत आहे, बहुतेक जेवतानाही माहीत होतं, असं त्याला वाटून गेलं आणि त्याला कुठेतरी बसावंसं वाटलं. पण रस्त्यावर बसायला जागा नव्हती.

घरी बायको अजून आली नव्हती, मुलगी क्लासला गेली होती. आई खिडकीशी बसून कुणाच्या तरी सदऱ्याचं काज करत होती. सुई आत जात होती, बाहेर येत होती, दोऱ्याचा फास प्रत्येक टाक्याला तसाच बसत होता. त्याची चाहूल लागताच तिनं मान वर केली आणि नव्या चष्म्यातून त्याच्याकडे निरखून पाहिलं. लवकर आलास, बरं नाही का, तोंड उतरलंय, असं सगळं एका दमात विचारून झालं. मग म्हणाली, या चष्म्यातून तू किती पिकलेला दिसतोस, मी समजत होते अजून काळे आहेत केस. हे सांगताना ती हसली. तो समोर बसला. त्या दुकानात जाऊन आलो, म्हणाला. तिचं हसू जरा कमी झालं. त्यानं विचारलं, "आई, त्या दिवशी आरशात तुला मी दिसत होतो?"

शाळेत दुसऱ्याच्या पाटीत बघताना सापडावं तशी ती ओशाळली. सुई सदऱ्यात टोचून ठेवली. "अक्षरं कुठली दिसायला," ती म्हणाली. "सगळं सारखंच गिचमिड. तू दिसत होतास. तुझी आठी गेली की समजायचं, बरोबर आलं." हे तिनं तक्रारीनं सांगितलं नाही. उलट थोडी मिजासच होती त्यात, की बघ कशी वेळ मारून नेली. मग एकदम तिचा चेहरा पडला. "तू त्या बिचाऱ्याशी भांडून आलास का रे? माझ्यापायी तुला बोलणी खावी लागली असतील." तो नाही म्हणाला. त्याला आणखी पुष्कळ म्हणायचं होतं. माफ कर म्हणावं तर ती, अरे त्यात काय, म्हणून मोकळी होईल, आणि ते त्याला सोपं जाईल, हे त्याला कळत होतं. सोपं नको होतं त्याला. निदान आज तरी.

तो उठला आणि तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. तिथून विचारावं असा बेत होता. आईनं मान वळवायचा प्रयत्न केला. असा भुतासारखा मागे काय उभा राहतोस, समोर बस की, म्हणाली. तो पुन्हा समोर येऊन बसला. चेहरा कोरा ठेवायचा, असं त्यानं ठरवलं, पण चेहरा कोरा कसा ठेवतात हे त्याला येत नव्हतं. गाल ताठ झाले, ओठ कुठे ठेवावेत कळेना. "त्या घराचं," तो म्हणाला, "परवा सह्या आहेत. मी तुला नीट विचारलंच नाही. ठेवायचं की विकायचं? तुला काय वाटतं ते सांग. मला काय वाटतं ते सोड."

चष्म्यामागे आईचे डोळे त्याच्या तोंडावरून फिरले आणि वर जाऊन कपाळावर थांबले. तिला सवयच होती ती, तिचा इलाज नव्हता. तो हलला नाही. मग तिनं दोन्ही हातांनी चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि मांडीवरच्या सदऱ्यावर ठेवला. चष्मा काढल्यावर तिच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल खुणा दिसत होत्या.

"ठेवायचं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "आणि मला तिथे जाऊन राहायचंय. तुम्ही वाईट नाही रे वागवत, तुझी बायको तर लाख आहे. पण तिथे मागच्या दाराशी सकाळचा उजेड येतो, तिथे काज छान होतं. आणि शिंपी विचारतात मला, हे असं करू की तसं. मी सांगते. तिथे मला सांगता येतं."

एवढं सलग ती त्याच्याशी कधी बोलली होती, हे त्याला आठवेना. मोठी जागा, मुलीची खोली, घेणाऱ्या माणसाला आता काय सांगायचं, बायकोला काय सांगायचं, आई पुन्हा आजारी पडली तर कोण बघणार, हे सगळं एकदम त्याच्या डोक्यात घुसलं, आणि कपाळाची कातडी मधोमध गोळा होताना त्याला जाणवली. त्यानं ती सोडवायचा प्रयत्न केला. ती सुटली नाही. समोर आई चष्म्याविना त्याच्या दिशेला बघत होती, थोडीशी बाजूला, जिथे तो असावा असं तिला वाटत होतं तिथे.

"बरं," तो म्हणाला. "नाही विकत. मी सांगतो त्यांना."

"खरंच?" आई म्हणाली, आणि चष्म्यासाठी तिनं मांडीवर हात चाचपला. तिच्या हाताआधी त्यानं तो उचलला. काचेवर डाग पडलाय, म्हणाला, आणि कपाळ सैल होईपर्यंत शर्टाच्या टोकानं ती स्वच्छ काच पुसत बसला.